वारा सुटला की कॉलेज फुटबॉलचा सामना कसा बदलतो?

५ नोव्हेंबर २०२२ रोजी ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ शिकागोशेजारच्या इव्हन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध मैदानात उतरला, तेव्हा निकालाबद्दल फारशी कुणाला शंका नव्हती. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, आठपैकी आठ सामने जिंकलेला. नॉर्थवेस्टर्नने आठातला एकच जिंकलेला. ओहायोचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड त्या काळातल्या सर्वोत्तम पास फेकणाऱ्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत तो देशात दुसरा निवडला गेला. पण त्या दिवशी मध्यंतराला फलकावर ७-७ असे आकडे होते. स्ट्राउडने अख्ख्या सामन्यात २६ पास टाकले, त्यातले १० झेलले गेले आणि त्यातून जेमतेम ७६ यार्ड मिळाले. पासवर एकही टचडाउन, म्हणजे सहा गुणांची चाल, नाही. ओहायो स्टेट शेवटी २१-७ असा जिंकला, तोही धावून.

मैदानावर पाऊस होता आणि ताशी ६० किलोमीटरच्या आसपासचे झोत येत होते.

कोलंबस (ओहायो स्टेटचं गाव), ॲन आर्बर (मिशिगन विद्यापीठाचं गाव), शिकागो या भागांत शिकणारी आणि स्थायिक झालेली मराठी माणसं बरीच आहेत. नोव्हेंबर आला की त्यांच्या बोलण्यात शनिवारचा सामना आणि शनिवारचं हवामान एकत्रच येतं. इकडे भारतात बसलेल्या आईवडिलांना मात्र प्रश्न पडतो, की वाऱ्याचं एवढं काय कौतुक? वारा काय एकाच संघाच्या विरुद्ध वाहतो का? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर वाटतं त्याहून खोल आहे. चेंडू इकडेतिकडे भरकटतो हे तर आहेच. पण वाऱ्याचा मोठा परिणाम प्रशिक्षकांच्या निर्णयांवर होतो, आणि सामने बहुतेक वेळा तिथे फिरतात.

## आधी खेळ थोडक्यात

अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा, त्याला एंड झोन म्हणतात. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. असं करत करत चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर छोटी किक मारून १ गुण मिळवता येतो किंवा अगदी जवळून पुन्हा एंड झोन गाठून २.

पुढे सरकायचे मार्ग दोन: चेंडू हातात घेऊन धावायचं, नाहीतर क्वार्टरबॅकने तो सहकाऱ्याकडे फेकायचा. तीन प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत तर चौथ्याच्या वेळी प्रशिक्षकाला ठरवावं लागतं. पुन्हा एकदा प्रयत्न करायचा? गोलखांबांच्या मधून किक मारून फील्ड गोलचे ३ गुण घ्यायचे? की पंट करायचा, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू पायाने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितकं मागे ढकलायचं?

पास, फील्ड गोल, पंट, टचडाउननंतरची छोटी किक आणि डाव सुरू करणारी किकऑफ, या सगळ्यांत चेंडू हवेतून जातो. जमिनीलगत राहते ती फक्त धाव. वाऱ्याच्या दिवशी प्रशिक्षक धावेकडे वळतात ते यासाठीच.

## ‘ताशी ३० किलोमीटर वारा’ या अंदाजाने काय कळतं आणि काय नाही

हवामानाच्या अंदाजात दोन आकडे येतात. एक सलग वाऱ्याचा वेग, म्हणजे काही मिनिटांची सरासरी. दुसरा झोताचा, म्हणजे काही सेकंदांपुरता उसळलेला सर्वाधिक वेग. सामन्यासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, असं मला वाटतं. वारा एकसारखा वाहत असेल तर किकर त्याचा अंदाज बांधू शकतो, सरावात चार किका मारून नेम किती सरकवायचा ते ठरवू शकतो. झोत मात्र किक मारताना नसतो आणि चेंडू अर्ध्या वाटेत असताना येतो. त्याचा हिशोब आधी मांडता येत नाही.

हे आकडे सहसा विमानतळावरच्या यंत्रांचे असतात. ती यंत्रं मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर बसवतात. जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंद असतो, वर जाऊ तसा वाढत जातो. म्हणून खाली उभ्या असलेल्या खेळाडूला जेवढा वारा जाणवतो त्याहून बराच जास्त वारा उंच उडालेल्या चेंडूला लागतो. साडेचार सेकंद हवेत राहिलेला पंट २० मीटरच्या वर जाऊन आलेला असतो.

त्यातून स्टेडियमची रचना प्रत्येक ठिकाणी वेगळी. ॲन आर्बरचं मिशिगन स्टेडियम, जिथे लाखाहून जास्त लोक बसतात, मोठ्या प्रमाणात जमिनीच्या पातळीखाली खोदलेलं आहे. कोलंबसचं ओहायो स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं. अशा खोलगट बांधकामाच्या कडेवरून वारा आत उतरतो तेव्हा त्याचे भोवरे होतात. वर झेंडा एका दिशेला फडफडत असतो आणि खाली गोलखांबावरची फीत भलत्याच दिशेला. दोन टोकांच्या दोन फिती एकमेकींच्या उलट उडतानाही दिसतात. किकर या फितींकडे बघतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबत नाहीत.

## चेंडूला वारा लागतो म्हणजे नेमकं काय होतं

अमेरिकी फुटबॉल सुमारे २८ सेंटिमीटर लांब, दोन्हीकडे निमुळता आणि ४०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट वजन, पण आकार कितीतरी मोठा. आकाराच्या मानाने हलका असल्यामुळे हवा त्याला सहज ढकलते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. आणि इथे वेग म्हणजे चेंडू आणि हवा यांच्यातला सापेक्ष वेग. क्वार्टरबॅकने ताशी ९० किलोमीटर वेगाने पास टाकला आणि तोंडावर ताशी ३० चा वारा असेल, तर चेंडूला हवा ताशी १२० ने आपटते. शांत हवेच्या तुलनेत विरोध पाऊणपटीहून अधिक वाढतो. तोच वारा पाठीवर असेल तर सापेक्ष वेग ६० आणि विरोध निम्म्याहून कमी. म्हणजे तोंडावरच्या वाऱ्याने विरोध ७८ टक्के वाढला, पाठीवरच्या वाऱ्याने ५६ टक्के घटला. विरुद्ध वारा जेवढं नुकसान करतो तेवढा फायदा पाठीवरचा वारा देत नाही. सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरांपैकी, दोन वाऱ्याविरुद्ध आणि दोन वाऱ्यासोबत खेळले की सगळं बरोबरीत सुटतं, हा समज इथेच मोडतो.

चेंडूच्या फिरण्यालाही फार महत्त्व आहे. चांगला क्वार्टरबॅक चेंडू सोडताना त्याला लांबीच्या अक्षाभोवती गरागरा फिरवतो, सेकंदाला सुमारे दहा फेऱ्या. जोरात फिरणारा भोवरा जसा आरीवर ताठ उभा राहतो आणि गती मंदावली की डुलायला लागतो, तसंच या चेंडूचं आहे. फिरण्याची गती चांगली असेल तर त्याचं टोक पुढेच राहतं आणि तो हवा कापत जातो. हातातून नीट सुटला नाही, ओल्या चामड्यावरून बोट घसरलं, तर चेंडू डुलतो, त्याची रुंद बाजू हवेला लागते आणि वाऱ्याला तो आयताच सापडतो. स्ट्राउडच्या त्या दिवसात पाऊस आणि वारा एकत्र होते, हे म्हणूनच लक्षात ठेवायला हवं. ओल्या चेंडूची पकड सैल, त्यामुळे फिरकी कमी, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम जास्त.

तरीही दोन्हींतून एक निवडायचं झालं तर मी वाऱ्यालाच जास्त अवघड म्हणेन. पावसात किंवा बर्फात निदान हातातून नीट सुटलेला चेंडू टाकला तिकडे जातो.

थंडीचाही थोडा वाटा असतो. शून्य अंशाची हवा तीस अंशाच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी जास्त दाट असते, म्हणून तिचा विरोध आणि ढकलण्याची ताकदही तेवढी जास्त. वायोमिंगमधल्या लारामीचं मैदान याच्या उलट: समुद्रसपाटीपासून ७,२२० फूट उंचीवर. तिथे वारा भरपूर, पण हवा विरळ, त्यामुळे त्याच वेगाच्या वाऱ्याचा चेंडूवरचा जोर थोडा कमी.

## सगळ्यांत मोठा फटका किकला

पास टाकताना क्वार्टरबॅकला पर्याय असतात. वारा आहे म्हटल्यावर तो जवळचे, जोरकस, सपाट पास टाकू शकतो. किकरला असा पर्याय नाही. फील्ड गोलचा चेंडू समोरच्यांच्या उंचावलेल्या हातांवरून गेलाच पाहिजे, म्हणजे तो उंच जाणार. आणि तो टोक पुढे करून जात नाही, कोलांट्या घेत जातो, त्यामुळे त्याची रुंद बाजू पुन्हा पुन्हा वाऱ्यासमोर येते.

आता अंतराचा हिशोब. गोलखांब एंड झोनच्या मागच्या कडेवर असतात आणि किक रेषेच्या साधारण सात यार्ड मागून मारतात. म्हणून डाव ३० यार्डांच्या रेषेवर थांबला असेल तर किक ४७ यार्डांची होते, जवळजवळ ४३ मीटर. दोन खांबांमधलं अंतर १८ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मीटर. मधोमध नेम धरलेला चेंडू आडव्या वाऱ्याने तीन मीटर जरी सरकला तरी बाहेर. तीन सेकंदांच्या प्रवासात तीन मीटर म्हणजे सेकंदाला सरासरी एक मीटर, चालत्या माणसाच्या वेगाहूनही कमी. म्हणून अनुभवी किकर आडव्या वाऱ्यात नेम मुद्दाम एका खांबाच्या बाहेर धरतात आणि वाऱ्याला चेंडू आत आणू देतात. नेमका त्याच क्षणी वारा पडला, तर उत्तम मारलेली किक नेम धरला तिकडेच, खांबाबाहेर जाते.

कॉलेजच्या किकरपुढे आणखी एक अडचण असते. मैदानावर चेंडू ठेवायच्या ज्या दोन खुणांच्या ओळी असतात, त्या कॉलेजच्या खेळात एकमेकींपासून ४० फूट लांब आहेत. व्यावसायिक खेळात त्या खांबांइतक्याच, १८ फूट ६ इंचांवर. म्हणजे कॉलेजच्या पोराला बऱ्याचदा तिरक्या कोनातून मारावं लागतं, आणि वारा त्या कोनात भर घालतो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने अशा दिवशी चुकवलेल्या किकवरून त्याच्यावर तुटून पडणाऱ्या प्रेक्षकांनी हे गणित एकदा मांडून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पंटचं दुखणं वेगळंच. चेंडू हातातून सुटून पायाला लागेपर्यंत काही क्षण अधांतरी असतो. सोसाट्याचा वारा असेल तर तेवढ्यातच तो वळतो आणि पायाला चुकीच्या जागी लागतो. म्हणून पंट मारणारे अशा दिवशी हात खाली नेऊन चेंडू अगदी पायाजवळ सोडतात. पलीकडे तो पंट झेलणाऱ्याचीही परीक्षा असते. वर बघत तो जिथे उभा राहतो तिथून चेंडू शेवटच्या क्षणी पाच पावलं सरकतो. झेल सुटला आणि विरोधकाने उचलला की अख्खा डाव उलटतो.

## ‘पण दोन्ही संघांना तोच वारा ना?’

सामन्याचे चार क्वार्टर, प्रत्येकी १५ मिनिटांचे. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर संघ टोकं बदलतात. त्यामुळे घड्याळाच्या हिशोबाने दोघांनाही वारा सारखाच मिळतो. पण कोणत्या १५ मिनिटांत मिळतो, याची किंमत सारखी नसते. शेवटच्या क्वार्टरमध्ये तीन गुणांनी मागे असलेल्या संघासाठी पाठीवरचा वारा म्हणजे ४५ यार्डांवरून बरोबरी साधायची संधी. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याच वाऱ्याचं एवढं मोल नाही.

इथे नाणेफेक महत्त्वाची ठरते. जिंकणारा कर्णधार सहसा आपला हक्क उत्तरार्धासाठी राखून ठेवतो. मग समोरचा संघ पूर्वार्धात चेंडू घेतो आणि कोणत्या टोकाला खेळायचं ते नाणेफेक जिंकणारा ठरवतो. उत्तरार्धाच्या सुरुवातीला राखलेला हक्क वापरायचा. नेहमीच्या दिवशी काही विचार न करता चेंडू मागतात. वाऱ्याच्या दिवशी मात्र पेच पडतो. चेंडू मागितला तर टोक निवडायचा अधिकार समोरच्याकडे जातो, आणि तो शेवटच्या क्वार्टरचा पाठीवरचा वारा स्वतःकडे ठेवणार. टोक निवडलं तर समोरचा पुन्हा चेंडू मागणार, म्हणजे दोन्ही अर्धांची सुरुवात त्याच्या हातात चेंडू देऊन. एक जादा डाव मोलाचा की शेवटची १५ मिनिटं वारा पाठीवर असणं मोलाचं? वारा ताशी ४० च्या वर असेल तर मी टोक निवडेन. पण चेंडू निवडणारे जाणते प्रशिक्षकही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यालाही वजन आहे.

क्वार्टर संपत आला की घड्याळाशीही खेळ सुरू होतो. समजा, तिसऱ्या क्वार्टरची ३० सेकंदं उरली आहेत आणि वाऱ्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाला पंट करायचा आहे. तो वेळ संपू देईल आणि टोकं बदलल्यावर वाऱ्यासोबत पंट मारेल. विरोधी प्रशिक्षक हे ओळखून टाइमआउट घेतो, घड्याळ थांबवतो आणि त्याला तिथल्या तिथे वाऱ्याविरुद्ध पंट मारायला लावतो. टीव्हीवर तो टाइमआउट अनाकलनीय वाटतो, पण त्यातून २० यार्ड सहज मिळून जातात.

वाऱ्याने आणखी एक गोष्ट हळूहळू घडते. समजा, एका संघाचा पंट वाऱ्यासोबत ४५ यार्ड जातो आणि दुसऱ्याचा वाऱ्याविरुद्ध ३०. दोघंही पुढे सरकत नाहीत, नुसते पंट करतात. तरीही प्रत्येक देवाणघेवाणीत पहिला संघ १५ यार्ड पुढे येतो. तीन फेऱ्यांत ४५ यार्ड, जवळजवळ अर्धं मैदान, एकही चांगली धाव न घेता. फलकावर काही दिसत नसतं, पण डाव एका बाजूला कलत गेलेला असतो.

## वारा निर्णय कसे बदलतो: १९५० आणि २०२१

मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा नोव्हेंबरअखेरचा सामना हा कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यांत मानाचा सामना समजला जातो. २५ नोव्हेंबर १९५० रोजी तो कोलंबसला हिमवादळात खेळला गेला. समोरचं दिसेना असा बर्फ, बोचरी थंडी आणि प्रचंड वारा. दोन्ही संघांनी मिळून ४५ पंट मारले. त्यांतले २४ मिशिगनचे. कित्येकदा तर पहिल्याच प्रयत्नात पंट केला. वरवर वेडेपणा वाटेल, पण त्यामागचा विचार पक्का होता. अशा हवेत चेंडू हातात असणं हाच धोका. तो निसटणार, अडवला जाणार. मग तो विरोधकाच्या हातात, त्याच्याच एंड झोनजवळ असलेला बरा.

तसंच घडलं. ओहायो स्टेट फील्ड गोलमुळे ३-० असा पुढे होता. मिशिगनने त्यांचा एक पंट अडवून २ गुण मिळवले. पूर्वार्ध संपायला एका मिनिटाहून कमी वेळ असताना ओहायोने तिसऱ्याच प्रयत्नात पुन्हा पंट करायचं ठरवलं. मिशिगनच्या टोनी मॉमसेनने तो अडवला आणि एंड झोनमध्ये चेंडूवर झेप घेतली, म्हणजे टचडाउन. मिशिगन ९-३ असा जिंकला. अख्ख्या सामन्यात त्यांना एकदाही दहा यार्डांचा टप्पा पार करता आला नाही आणि एकही पास पूर्ण झाला नाही. ओहायोचे प्रशिक्षक वेस फेसलर यांच्यावर त्या पंटवरून बरीच टीका झाली, त्यांनी पद सोडलं आणि १९५१ पासून वुडी हेज आले. त्यांनी पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो संघ सांभाळला.

त्या सामन्यात बर्फाचा वाटा मोठा होता हे मान्य. निव्वळ वाऱ्याचं उदाहरण हवं तर व्यावसायिक लीगमधला ६ डिसेंबर २०२१ चा बफेलो आणि न्यू इंग्लंड यांच्यातला सामना बघावा. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक मॅक जोन्सने, जो आदल्याच हंगामात अलाबामाकडून कॉलेज फुटबॉल खेळत होता, संपूर्ण सामन्यात फक्त तीन पास टाकले. संघ ४६ वेळा धावला, २२२ यार्ड मिळवले आणि १४-१० असा जिंकला. पहिल्या टचडाउननंतर छोटी किकसुद्धा न मारता त्यांनी धावून दोन गुण घेतले. बफेलोला मिळालेलं एकमेव टचडाउनही वाऱ्यात सुटलेल्या पंटमधून आलं. न्यू इंग्लंड धावणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी बफेलोला ते थांबवता आलं नाही.

## वारा दुबळ्या संघाला मदत करतो का?

काही प्रमाणात करतो. बलाढ्य संघाची श्रेष्ठता बऱ्याचदा त्याच्या पासमध्ये असते, आणि वारा नेमकी तीच काढून घेतो. धावण्यावर भर दिला की घड्याळ फारसं थांबत नाही. पास खाली पडला तर घड्याळ थांबतं, धावेनंतर ते बहुतेक वेळा चालूच राहतं. म्हणून सामन्यातल्या डावांची संख्या कमी होते, आणि डाव कमी तेवढी एखाद्या योगायोगाने निकाल फिरण्याची शक्यता जास्त. नॉर्थवेस्टर्न त्या दिवशी मध्यंतरापर्यंत बरोबरीत राहिला तो याच आधारावर.

पण हे अर्धंच खरं आहे. पास बंद झाला की खेळ उरतो तो समोरासमोर भिडणाऱ्या भरभक्कम खेळाडूंचा, आणि तिथे मोठ्या विद्यापीठाचं पारडं सहसा जड असतं. ओहायो स्टेटने उत्तरार्धात तेच केलं. स्ट्राउड, जो पायाने फारसा खेळत नसे, स्वतः चेंडू घेऊन ७९ यार्ड धावला. त्यातली एक धाव ४४ यार्डांची. म्हणून कमकुवत संघ वाऱ्यात जिंकेलच असं धरून चालू नये. कोणाला धावता येतं आणि कोणाला धाव अडवता येते, ते बघावं.

## नोव्हेंबरच का, आणि यापुढे हा विषय मोठा का होणार

शरद ऋतूच्या शेवटी कॅनडाकडून थंड हवा खाली उतरायला लागते, दक्षिणेकडे मात्र अजून उबदार, दमट हवा असते. या दोन्हींतला फरक जेवढा तीव्र तेवढी कमी दाबाची क्षेत्रं जोरकस, आणि अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांचं अजून न गार झालेलं पाणी त्यांना आणखी बळ देतं. तिथल्या खलाशांना नोव्हेंबरची वादळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज अशाच वादळात लेक सुपीरियरमध्ये २९ माणसांसह बुडालं. कॉलेज फुटबॉलचे कितीतरी निर्णायक सामने याच महिन्यात, याच सरोवरांच्या काठच्या राज्यांत होतात.

पूर्वी हंगामाचे सर्वांत मोठे सामने मुख्यतः उबदार राज्यांत किंवा छताखाली होत. ओहायो स्टेट, मिशिगन ज्यात खेळतात त्या बिग टेन गटाची अंतिम लढत २०११ पासून इंडियानापोलिसच्या छताच्या स्टेडियममध्ये होते. पण २०२४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी १२ संघांची बाद फेरी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या फेरीचे सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या स्वतःच्या मैदानावर, तेही डिसेंबरच्या उत्तरार्धात होऊ लागले. २०२४ मध्ये पेन स्टेट, नोटर डेम आणि ओहायो स्टेट यांनी असे सामने आपापल्या उघड्या मैदानांवर खेळले. दक्षिणेतल्या संघांना आता थंडीबरोबर वाऱ्याचीही तयारी ठेवावी लागेल. संघ बांधताना भक्कम धाव आणि खंबीर किकर यांच्याकडे दुर्लक्ष करणं यापुढे महागात पडेल.

‘मग वारा असेल तर सामना पुढे का ढकलत नाहीत?’ असंही विचारतात. विजेच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे: जवळपास वीज चमकली की खेळ थांबतो आणि शेवटच्या चमकेनंतर किमान ३० मिनिटं सुरू होत नाही. वारा त्रासदायक असला तरी त्याने सहसा जीव धोक्यात येत नाही, म्हणून खेळ चालू राहतो.

## सामना बघताना काय बघावं

मिशिगन-ओहायो स्टेट सामना सहसा तिथल्या दुपारी बारा वाजता सुरू होतो, भारतात रात्रीचे साडेदहा. दुपारी ऊन चढलं की वरचा जोरदार वारा खाली मिसळतो आणि झोत वाढतात, म्हणून एखादं वादळ येत नसेल तर दुपारच्या सामन्याचा उत्तरार्ध बऱ्याचदा जास्त वाऱ्याचा असतो. संध्याकाळी तो निवळतो.

अंदाजात सलग वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तर फार विचार करू नका. या दर्जाचे खेळाडू तेवढा सहज पचवतात. २५ च्या वर लांबच्या किका डळमळू लागतात. झोत ५० च्या पुढे असतील तर गुणसंख्या कमीच राहील, असं धरूनच बसा.

सुरुवातीलाच नाणेफेकीनंतर कोणी कोणतं टोक घेतलं ते नीट ऐका. किकऑफच्या वेळी स्टँडवर ठेवलेला चेंडू एखादा खेळाडू बोटाने धरून बसला असेल, तर वारा तो पाडतो आहे असं समजा. पहिल्या क्वार्टरमध्ये एखादा संघ ३५ यार्डांवरून किक न मारता चौथा प्रयत्न खेळला, तर त्या प्रशिक्षकाने सरावात आपल्या किकरची हद्द मोजून ठेवली आहे. आणि सामना बरोबरीत सुटून जादा वेळ आला, तर तिथला नियम वेगळा आहे: दोन्ही संघ आळीपाळीने मैदानाच्या एकाच टोकाला खेळतात, सुरुवातीला २५ यार्डांच्या रेषेपासून. तिथे वारा तोंडावर असेल तर तो दोघांच्याही तोंडावर असतो.